अकरा दिवस चालणारं घड्याळ

अकरा दिवस चालणाऱ्या घड्याळाचं कौतुक मला आजही सहन होत नाही. परवा भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. चावीचं मनगटी घड्याळ, आणि एकदा चावी दिली की दहा दिवस बघायला नको. "आत्या, बघ ना, बॅटरी नाही, काही नाही, आणि दहा दिवस!" मी म्हटलं, दहाव्या दिवशी ते किती वाजले म्हणून सांगतं, ते आधी विचार त्यांना. तो हसला. आमच्या घरात माझ्या रागाला हसायची पद्धतच आहे. पण हा राग तीस वर्षांचा आहे आणि त्याला कारण आहे. ते कारण एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे प्रकरण.

आमचं दुकान भद्रकालीच्या अलीकडे एका गल्लीच्या तोंडाशी होतं. दुकान म्हणजे सहा फूट रुंदीची खोली, आणि तिच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या चढलं की थेट आमचं स्वयंपाकघर. त्यामुळे वडिलांच्या टेबलावर कायम फोडणीचा वास आणि आईच्या ओट्यावर कायम टिकटिक. वडिलांना सगळा बाजार अण्णा म्हणायचा, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. भिंतीवर दुरुस्तीला आलेली बारा-पंधरा घड्याळं लटकत असत आणि प्रत्येकाचं मत वेगळं, त्यामुळे आमच्याकडे दुपारचे बारा वाजायला वीस मिनिटं लागत. पाहुणे विचारत, या आवाजात झोप कशी लागते हो? झोप छान लागायची. मात्र एखादं घड्याळ थांबलं की अण्णांचा घास हातातच राहायचा. "खिडकीजवळचं थांबलं," असं म्हणून ते उठत, आणि खिडकीजवळचंच थांबलेलं असे. आई म्हणायची, "मी तीनदा हाक मारली तरी ऐकू जात नाही, आणि हे ऐकू येतं."

बी.एस्सी. झाले तेव्हा मला नोकरी मिळाली नाही आणि मी अण्णांच्या शेजारी टेबलावर बसले. तात्पुरतं म्हणून बसले, ती बसलेच. तोवर बॅटरीची घड्याळं सगळीकडे झाली होती. येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी आठ जण सेल बदलायला येत आणि माझ्या हातात चिमटा बघून म्हणत, "अण्णा नाहीत का?" अण्णा शेजारीच बसलेले असत. एक बाई तर मला म्हणाल्या, हे बारीक काम बायकांच्या नजरेचं नव्हे. मी त्यांना विचारलं, तांदळातला खडा तुमच्या घरी कोण वेचतं? त्या परत आल्या नाहीत. अण्णा म्हणाले, "वैजू, गिऱ्हाइकाशी असं बोलू नये." अण्णांचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर चाललेलं होतं. चिमटा धरावा तो त्यांनी, पण गिऱ्हाइकासमोर त्यांचा कणाच नाहीसा व्हायचा. याचा मला तेव्हाही संताप यायचा.

त्यांची एक सवय मात्र मला फार आवडायची. जुन्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला केसासारख्या बारीक खुणा दिसतात. आधी ज्या-ज्या कारागिरांनी ते उघडलं त्यांनी पोलादी टोकाने कोरलेल्या. कुणाचं अक्षर, कुणाचा आकडा. गिऱ्हाइकाला त्या कधी दिसत नाहीत, त्या फक्त पुढच्या कारागिरासाठी असतात. अण्णांची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि खाली ठिपका. ती ते प्रत्येक घड्याळात कोरत नसत. ज्या कामाची जबाबदारी घ्यायची त्यातच कोरायची. घाईघाईने उरकलेलं, गिऱ्हाइकाने घासाघीस करून अर्धवट करून घेतलेलं काम बिनखुणेचं परत जाई. तोंडाने जे त्यांना कधी जमलं नाही ते ते असं आत लिहून ठेवत.

केशवगुरुजींचं घड्याळ आलं ते एका बुधवारी. बुधवार नक्की आठवतो, कारण गोदाकाठचा बाजार उरकून गुरुजी हातात मेथीची जुडी घेऊनच आले होते. गुरुजी पंचवटीतले मोठे पुरोहित. सहा फूट उंची, खणखणीत आवाज, आणि लग्नात अंतरपाटाशेजारी डाव्या तळहातावर घड्याळ धरून उभे राहिले की लोक मुहूर्तापेक्षा त्यांच्याकडेच बघत. ते खिशातलं घड्याळ त्यांच्या आजोबांना कुणा यजमानाने दिलेलं होतं. तबकडीच्या खालच्या अंगाला एक गोल झरोका, आणि त्यातून आतलं चक्र झोके घेताना दिसायचं. आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ. आजोबा दर बुधवारी बाजाराला निघताना चावी द्यायचे, म्हणजे सात दिवस चालण्याचे आणि आठवा विसरण्याचा. पण आता ते पहिल्या दिवशी पळतं आणि शेवटी रेंगाळतं, अशी गुरुजींची तक्रार होती. "दामोदर, आजोबांच्या वेळी हे सूर्याच्या बरोबरीने चालायचं," ते म्हणाले. अण्णांनी ते उघडलं, बघितलं आणि माझ्याकडे सरकवलं. "हे तू कर," म्हणाले. माझं पहिलं मोठं काम.

हे घड्याळ समजून घेतल्याशिवाय माझा राग समजणार नाही, म्हणून सांगते. साध्या घड्याळाला रोज चावी लागते, कारण त्याच्या डबीत गुंडाळलेली स्प्रिंग दीड दिवसात उलगडते. तीच आठ दिवस पुरवायची तर काय करायचं? आईची सुरळीची वडी आठवते मला. पीठ जाड पसरलं तर सुरळीला तीन वेढे बसतात, पातळ पसरलं तर सहा. स्प्रिंगही तशी पातळ आणि लांब करायची, म्हणजे वेढे वाढतात आणि दिवस वाढतात. पण पातळ वडी उचलताना फाटते, आणि पातळ स्प्रिंगला जोर कमी. मग डबी मोठी करायची. गुरुजींच्या घड्याळात डबीने पाठीमागची अख्खी जागा व्यापली होती, म्हणून ते खिशात टम्म दिसायचं. एवढ्यावर भागत नाही. जोर आठ दिवसांत वाटायचा, म्हणजे एकेका दिवसाच्या वाट्याला थोडाच येणार. तेव्हा मधे एक चाक जास्तीचं घालायचं, आणि झोके घेणारं चक्र हलकं ठेवायचं. हलकं चक्र जरा धक्का लागला की बिचकतं, तेल थोडं घट्ट झालं की दमतं. जाहिरातीतल्या त्या घड्याळात दोन-दोन डब्या असतात म्हणे, काहींत झोक्यांचा वेगच कमी केलेला असतो. करोत बापडे. एकीकडे दिवस वाढवले की दुसरीकडे काहीतरी द्यावंच लागतं.

आणि सगळ्यात मोठी खोच पुढेच आहे. गच्च गुंडाळलेल्या स्प्रिंगचा जोर आणि उलगडत आलेल्या स्प्रिंगचा जोर सारखा नसतो. सुरुवातीला ती चक्राला ढकलून पळवते, शेवटी तिच्यात त्राण उरत नाही, झोके आखूड होतात आणि वेळ चुकते. हे ज्याने घड्याळ बनवलं त्याला पक्कं ठाऊक होतं. गुरुजींच्या घड्याळातली स्प्रिंग साडेपाच फेरे उलगडायची, एका फेऱ्याला दोन दिवस, म्हणजे अकरा दिवस. पण त्यातले मधले चारच फेरे वापरायचे, जिथे जोर सारखा असतो. त्यासाठी डबीच्या झाकणावर पाकळ्यांचं एक इवलंसं चाक असतं आणि त्याच्याशेजारी एक पोलादी बोट. दर फेऱ्याला बोट एक पाकळी पुढे सरकवतं. शेवटची पाकळी फुगीर असते, तिथे बोट अडतं. ना स्प्रिंग गच्च होत, ना पार ढिली पडत. अण्णा त्याला अडसर म्हणत. घड्याळाने खोटं बोलायच्या आधी थांबावं, म्हणून बसवलेला अडसर.

गुरुजींच्या घड्याळात तो नव्हता. मधल्या कुणा महाभागाने काढून फेकला होता, त्याचे दोन रिकामे खळगे तेवढे दिसत होते. त्या माणसाने झाकणात खूण कोरली नव्हती, एवढी तरी त्याला लाज होती.

तो अडसर मी हाताने घडवला. जुन्या पोलादाच्या पट्टीतून, मुगाच्या डाळीएवढा, भिंगाखाली कानशीने घासून घासून. पहिला तुटला. दुसऱ्याची एक पाकळी वाकडी झाली. आई मागच्या दारातून ताट घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची. तिसरा स्पिरिटच्या दिव्यावर धरून तापवला, मोरपिसासारखा निळा रंग चढला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "पुरे." तो बसला. आठ दिवस मी ते घड्याळ रेडिओच्या टोल्यांशी ताडून बघितलं. सातव्या दिवशी अर्धा मिनिट मागे, बस्स. आठव्या दिवशी संध्याकाळी ते शांतपणे थांबलं. अण्णांनी आपलं पोलादी टोक माझ्या हातात दिलं. "तुझी खूण कर." मी कैरी कोरली, साडीच्या काठावर असते तशी, अगदी बारीक. त्या रात्री आईने सुरळीच्या वड्या केल्या आणि मी एकटीने ताटभर खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी गुरुजी आले ते तावातावाने. दुकानात हरसूलकडचे एक शेतकरी बाकावर बसले होते, त्यांच्या घड्याळाची काच मी बसवत होते.

"दामोदर, हे आठव्या दिवशी बंद पडतं!"

"गुरुजी, ते आठच दिवसांचं आहे," अण्णा उठून उभे राहत म्हणाले.

"अरे, गेली कित्येक वर्षं अकरा दिवस चाललंय ते! माझे पुण्याचे व्याही त्यांच्या भिंतीवरच्या पंधरा दिवसांच्या घड्याळाची टिमकी वाजवतात. मी त्यांना सांगितलंय, माझं खिशातलं अकरा दिवस चालतं. आता ते दिवाळीला येणार. काय दाखवू त्यांना? तीन दिवस कुठे गेले माझे?"

मी सांगायला लागले. अडसर काय असतो, वेळ का चुकत होती, तुम्हीच तर तक्रार केली होतीत. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकावरचे शेतकरीच मधे बोलले, "आठ दिस लय झाले की, महाराज. आमचा बाजार बी आठ दिसांनीच भरतो."

गुरुजींनी त्यांच्याकडेही पाहिलं नाही. "ते काय बसवलंय ते काढून टाक, दामोदर. माझं घड्याळ होतं तसं दे."

मला वाटलं, आता तरी अण्णा बोलतील. तीन आठवडे त्यांनी माझी बोटं बघितली होती. अण्णा म्हणाले, "आपण म्हणाल तसं." आणि घड्याळ उघडायला घेतलं.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी म्हटलं, "मग माझी खूण खोडा. असल्या कामात मला माझी खूण नको." हे मी गिऱ्हाइकासमोर म्हटलं आणि पायऱ्या चढून स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं माझ्या हातात दिलं. त्या पोळ्या कुणाला खाता आल्या नसतील. मी परत दुकानात आले तेव्हा गुरुजी गेले होते, आणि टेबलावर काचेच्या बशीत माझा अडसर पडलेला होता, पाकळ्यांचं चाक आणि बोट. तो मी कॅमेऱ्याच्या रोलच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवला. खुणेचं काय केलं, हे मी विचारलं नाही. ते सांगणार नाहीत तर मी तरी का विचारू?

पुढे जे झालं ते कुणीही सांगितलं असतं. दिवाळीत व्याह्यांसमोर अकरा दिवस दाखवायचे, या नादात गुरुजींनी बुधवारची चावीच सोडून दिली. आजोबांपासून चालत आलेली रीत मोडली आणि घड्याळ आपण होऊन थांबेपर्यंत दिवस मोजायचा खेळ सुरू केला. व्याही येऊन कौतुक करून गेले तरी खेळ चालूच. पहिल्या दिवशी ते पळालं की रेडिओ ऐकून काटा मागे घ्यायचा, आणि मग हात लावायचा नाही. असंच दहाव्या दिवशीचं घड्याळ घेऊन ते तुळशीच्या लग्नानंतरच्या एका मोठ्या लग्नात उभे राहिले. मुहूर्त दुपारचा. गुरुजी तळहाताकडे बघत मंगलाष्टकं लांबवत राहिले, आणि इकडे मांडवातल्या निम्म्या मनगटांवरची बॅटरीची घड्याळं मुहूर्ताच्या पुढे गेली. नऊ मिनिटं. शेवटी मुलाच्या मामाने ओरडून अक्षता टाकायला लावल्या. त्या मांडवात गुरुजींना काय-काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते मी समजू शकते. पण ते तिथून थेट आमच्याकडे आले, उपरण्याला अक्षता चिकटलेल्या तशाच.

दुकानात चार-पाच जण होते. गल्लीतलेही गोळा झाले. "तीन पिढ्यांचं घड्याळ," गुरुजींचा तो खणखणीत आवाज, "तुझ्या पोरीने हात लावला तेव्हापासून नासलं! पोरीच्या हातात द्यायची वस्तू आहे का ही?"

मी उभी राहिले. माझ्याकडे सगळं होतं. अडसर डबीत होता, आठ दिवसांची टिपणं वहीत होती, आणि हा अडसर त्यांनीच काढायला लावला हे सांगणारे हरसूलचे शेतकरी दर महिन्याला बाजाराला येत होते. मी तोंड उघडलं तेवढ्यात अण्णा म्हणाले, "गुरुजी, तिने हात लावलाच नाही. काम माझं होतं. चूक माझी."

गुरुजी जे बोलायचं ते बोलून गेले. मी अण्णांकडे बघत राहिले. तीन आठवडे, तीन अडसर, माझ्या बोटांना पडलेले घट्टे, आणि माझ्या बापाने चारचौघांत सांगितलं की मी हात लावलाच नाही. गुरुजींचा राग मला तेव्हाही फारसा आला नाही, गर्विष्ठ माणूस तो, दुसरं काय करणार. अण्णांचा आला. माझ्या हातचं पहिलं चांगलं काम त्यांनी पुसून टाकलं, आणि तेही एका उद्दाम माणसाला खूश ठेवायला. चार महिने मी टेबलावर बसले नाही. एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं. अण्णांशी मीठ वाढा, पाणी द्या, एवढंच बोलले. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा मी परत टेबलावर बसले. आमचं पुन्हा बरं झालं. पण त्या दुपारचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही नाही. अशीच दहा वर्षं गेली आणि अण्णा गेले.

अण्णांनंतर दोन वर्षांनी गुरुजींची सून माधवी दुकानात आली. माझ्याच वयाची. गुरुजी वारले होते, आवरताना कपाटात घड्याळ सापडलं. "वैजूताई, चालतं का बघता? मुलीला द्यायचंय," ती म्हणाली.

मी ते हातात घेतलं, झरोका धुरकट झाला होता. मागचं झाकण उघडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. माझी कैरी तिथेच होती. तिच्यावरून एक रेघ ओढलेली, अगदी हलक्या हाताने, कैरीची एक कड न मोडता. आणि शेजारी दोन आडव्या रेघा, खाली ठिपका.

जे काम त्यांनी कधी आपलं म्हटलं नसतं, ज्याच्यासारखी कित्येक कामं त्यांनी बिनखुणेची परत पाठवली, त्यात त्यांनी स्वतःची खूण कोरली होती. गुरुजी पहिल्यांदा तावातावाने आले त्याच दिवशी, मी आत पोळ्या बिघडवत असताना. त्यानंतर ते घड्याळ आमच्या टेबलावर कधी उघडलंच नव्हतं. लग्न व्हायच्या, मुहूर्त चुकायच्या आधीच. काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. "काम माझं होतं" हे त्यांनी गुरुजींसमोर दिवाळीनंतर म्हटलं, पण त्याच्या कितीतरी आधी ते आत लिहून ठेवलेलं होतं.

मी माधवीसमोर रडले, हे लाजिरवाणं आहे पण खरं आहे. आणि रडता रडता मला पुन्हा राग आला. मला सांगायला काय झालं होतं? दहा वर्षं शेजारी बसलो, एका दिव्याखाली काम केलं. एक वाक्य पुरलं असतं. आणि मला वाचवायचं म्हणून मला पुसायचं, हे कुणी ठरवलं? मी उभी राहिले होते, माझं मी बोलले असते. तो राग अजून आहे. ज्यांच्यावर रागवायचं ते नाहीत, म्हणून तो कमी होत नाही.

रोलची डबी खणातच होती. अडसर गंजला नव्हता. मी तो परत बसवला, स्प्रिंग बदलली, आठ दिवस ताडून पाहिलं. मग अण्णांचंच पोलादी टोक घेतलं. त्यांच्या दोन रेघांवरून एक रेघ ओढली, त्यांनी माझ्यावर ओढली होती तेवढीच हलकी. ते वाईट काम त्यांचं नव्हतं, ते मी त्यांच्या नावावर राहू देणार नव्हते. आणि खाली नवी कैरी कोरली.

माधवी घड्याळ न्यायला आली. कानाशी लावून हसली. "किती दिवस चालेल हो?"

"आठ."

"सासरे तर म्हणायचे, अकरा..."

"आठ," मी म्हटलं. "दर बुधवारी चावी दे."